चांदसैलीचा घाट: भीती नेमकी कशाची धरायची?

(नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याहून आमच्या गाडीने धडगाव, अस्तंबा आणि वरच्या पाड्यांकडे जाणाऱ्या ग्राहकांसाठी)

बुकिंगचा फोन आला की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "भाऊ, तो रस्ता बरा आहे ना? तिकडे गाड्या अडवतात म्हणे." नाशिकहून, पुण्याहून, अगदी जळगाव-धुळ्याहूनही हेच विचारतात. धडगावला बदली झालेल्या शिक्षकांचे आईवडील विचारतात, निवडणुकीच्या ड्युटीवर निघालेले कर्मचारी विचारतात, होळीचे फोटो काढायला येणारी पोरं विचारतात. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही आणि अर्धवट दिलं तर गैरसमज वाढतो, म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढलं आहे. गाडीत बसण्याआधी निवांत वाचा.

चांदसैलीच्या घाटाचं नाव खराब आहे, ते उगीच नाही. तापीकाठची आपली केळी-पपईची सपाटी कोठार गावापर्यंत आरामात चालते आणि मग सातपुडा एकदम समोर उभा राहतो. रस्ता अरुंद आहे. एका अंगाला काळ्या दगडाची कड, दुसऱ्या अंगाला दरी. काही वळणं अशी आहेत की समोरून काय येतंय ते गाडीचं नाक वळल्यावरच कळतं. पावसाळ्यात दरड येते, साइडपट्टी खचते, धुक्यात बोनेटच्या पुढचं दिसत नाही. बऱ्याच पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते. हे सगळं खरं आहे आणि आम्ही ते लपवत नाही.

पण लोक ज्याला घाबरतात ते वेगळंच असतं. त्यांना वाटतं, संध्याकाळ झाली की डोंगरातली माणसं गाड्या लुटतात, दगड मारतात. इतकी वर्षं आम्ही या रस्त्यावर गाड्या चालवतोय, एकदाही आमच्या गाडीला कोणी लुटलेलं नाही. अडवलं मात्र अनेकदा आहे. कसं ते सांगतो.

होळीच्या आठवड्यात पाड्याजवळ दहा-बारा वर्षांची पोरं रस्त्यावर आडवा दोर धरून उभी राहतात. गाडी थांबली की खिडकीशी येऊन हात पुढे करतात. मागच्या सीटवरच्या ताईंनी एकदा घाबरून पर्सच सीटखाली ढकलली होती. पोरं मागत होती फाग. होळीचा फाग आपल्याकडे खाली गावातही मागतात, फक्त दोर धरत नाहीत. दहा-वीस रुपये द्या, नाहीतर हसून "आम्ही आधीच दिला" म्हणा, दोर खाली येतो. याच दिवसांत अंगाला राखेचे पट्टे काढलेले, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले आणि कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधलेले बुध्ये रस्त्याने चालताना दिसतील. ते नवस फेडत असतात, होळीच्या गावांना निघालेले असतात. रात्री हेडलाइटच्या उजेडात असा एक माणूस अचानक समोर दिसला तर नवख्या माणसाच्या छातीत धस्स होतं, हे आम्हाला समजतं. पण त्याला पाहून काच वर घेऊ नका, लॉक दाबू नका. त्याला तो आवाज ऐकू येतो.

ही बदनामी आजची नाही. इंग्रजांनी 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, तेव्हापासून सरकारी कागदात सातपुड्यातला माणूस एक तर पलटणीतला शिपाई नाहीतर दरोडेखोर. भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटातल्या रस्त्याची राखण करायचे. 1857 मध्ये ते इंग्रजांविरुद्ध उठले आणि त्याच कागदांत लुटारू ठरले. 1858 मध्ये अंबापाणीच्या लढाईत भिल्लांनी इंग्रजी फौजेला तोंड दिलं. रस्ता राखणाऱ्यालाच लुटारू म्हणायची ही खोड तेव्हाची आहे, आणि आजही शहरातल्या बैठकीत कोणीतरी सहज बोलून जातं. आम्हाला त्याचा राग येतो, कारण आमचं पोट याच रस्त्यावर आहे आणि अडचणीत कोण धावून येतं हे आम्ही पाहिलेलं आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, दिवस मावळलेला. घाट उतरताना आमच्या एका जीपचं मागचं टायर एका टोकदार दगडावर फाटलं. गाडीत पाच माणसं, त्यात एक म्हातारी आजी. स्टेपनी होती, पण जॅक चिखलात रुतत होता. ड्रायव्हर आमचा अहिराणी माणूस, डोक्याला हात लावून म्हणाला, "आते काय करवा?" वरच्या पायवाटेने चार माणसं उतरली, हातात बॅटऱ्या. गाडीतले सगळे चिडीचूप. त्यांच्यातल्या एकाने आधी काय केलं असेल? पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावले. मग एक फळी आणली, ती जॅकखाली सरकवली. दुसरा वळणाच्या तोंडाशी बॅटरी हलवत उभा राहिला, खालून येणाऱ्या गाडीला कळावं म्हणून. चाक बदलून होईपर्यंत एकजण घरी जाऊन आला आणि आजींच्या हातात पळसाच्या पानावर भाजलेलं मक्याचं कणीस ठेवलं. पैसे देऊ केले तर हात मागे घेतला. आमच्या गाडीतल्या साहेबांना त्या रात्री फार वाईट वाटलं, कारण बॅटऱ्या दिसताच त्यांनी आधी घड्याळ काढून खिशात घातलं होतं.

आता खऱ्या धोक्याकडे वळतो.

जानेवारी 2021 मध्ये तोरणमाळच्या बाजूच्या घाटात मजुरांनी भरलेली गाडी दरीत गेली. 2025 च्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या दिवशी, अस्तंब्याची यात्रा करून उतरणाऱ्या तरुणांची पिकअप याच चांदसैलीच्या घाटात कोसळली. घरात दिवे लागायच्या संध्याकाळी आसपासच्या गावांत काय झालं असेल, ते लिहवत नाही. यातल्या कुठल्याही गाडीवर कोणी दगड मारला नव्हता. दोन्ही गाड्यांत माणसं दाटीने भरलेली होती.

पिकअप ही माल वाहायची गाडी. आमचूरची पोती खाली बसलेली असतात, हलत नाहीत. हौद्यात तीस माणसं उभी केली की वजन वर चढतं आणि ते हलतं वजन असतं. वळणावर सगळे एकदम बाहेरच्या बाजूला झुकतात, नेमकी ज्या बाजूला दरी आहे तिकडे. ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी त्या क्षणी स्टिअरिंग त्याच्या हातात राहत नाही. मालाच्या गाडीत असं बसलेल्याला अपघातानंतर विम्याचे पैसे मिळणंही अवघड जातं. लोक हौसेने बसत नाहीत, हेही सांगायला हवं. दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला निघालेली, होळीला परत येणारी, बाजाराला उतरणारी माणसं. एसटी मोजकी, गाडीत जागा नाही, आणि घरी तर पोचायचं असतं. दोष बसणाऱ्याच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ही स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी नीट वाचावी. चढताना इंजिन कण्हतं म्हणून माणूस सावध असतो. घात होतो तो उतरताना. एक हिशेब सांगतो. माणसांसकट दोन टनांची गाडी पाचशे मीटर उंचीवरून खाली आली तर तिचा वेग रोखताना एवढी उष्णता तयार होते की तीसेक लिटर पाण्याला उकळी यावी. ती उष्णता कुठे तरी जायला हवी. तुम्ही सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर सगळी लायनरमध्ये आणि डिस्कमध्ये जाते. आधी जळका वास येतो, मग ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात, आणि मग पायडल स्पंजासारखं आत जातं पण गाडी थांबत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात ते अक्षरशः खरं आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडू द्या, ते तुमच्यासाठीच ओरडतंय. ब्रेक थोडा दाबा, सोडा, परत दाबा. वास आला तर सपाट जागा बघून थांबा, अर्धा तास चहा प्या, चाकावर पाणी ओतू नका.

आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करून, इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजून आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदतही जाते, दोन-तीनदा दाबल्यावर पायडल दगडासारखं कडक होतं आणि स्टिअरिंगही जड पडतं. चार रुपयांच्या डिझेलसाठी हे करू नका हो. आमच्या एखाद्या ड्रायव्हरने उतारावर गाडी न्यूट्रल केली असं तुम्हाला जाणवलं तर तिथेच त्याला टोका आणि आम्हाला कळवा. त्या फेरीचं भाडं आम्ही घेणार नाही.

अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. उतरणाऱ्याने थांबायचं. बाहेरून येणारे बरेचजण उलट करतात आणि मग भर चढावर थांबलेली भरलेली गाडी मागे घसरते. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, रात्री डिपर द्या.

पावसाळ्याबद्दल आमचं मत ठाम आहे. जून ते सप्टेंबर हिरवागार सातपुडा बघायला सगळ्यांना यायचं असतं, या, पण मोठ्या पावसाच्या दिवशी आम्ही गाडी काढत नाही, आगाऊ पैसे परत देतो. इथला डोंगर काळ्या दगडाच्या थरांचा, दोन थरांमध्ये मऊ माती. पाणी भेगांतून आत शिरतं, मऊ थर वाहतो आणि वरचा दगड आधार सुटून खाली येतो. म्हणून दरड पाऊस चालू असतानाच येते असं नाही, उघडीप पडल्यावर दुसऱ्या दिवशीही येते. रस्त्यावर ताजे, ओली माती लागलेले लहान खडे दिसले तर त्या कड्याखाली सेल्फीसाठी थांबू नका. वर अजून काहीतरी सुटायच्या बेतात असतं.

आमच्या गाड्या सकाळी सहाला तळोद्याहून निघतात आणि दिवस मावळायच्या आत घाट उतरलेल्या असतात. धडगावपर्यंत आम्ही दोन तास धरतो, कोणी "दीड तासात पोचवा" म्हटलं तर नाही म्हणतो. जीपमध्ये सात माणसं. आठवं लहान मूल "मांडीवर घेऊ" म्हणून आलं तरी ते आम्ही मोजतो. टपावर फक्त सामान. धनत्रयोदशीच्या अस्तंबा यात्रेला आम्ही रात्री घाटात गाडी घालत नाही. अश्वत्थाम्याच्या डोंगरावर रात्रभर चढून उतरलेली पोरं आणि रात्रभर जागलेला ड्रायव्हर ही जोडी आम्हाला नको आहे. खाली दोन तास झोपा, आमचा ड्रायव्हरही झोपेल, मग निघू. प्रथमोपचाराची पेटी, दोर, फावडं आणि जॅकखाली घालायची फळी प्रत्येक गाडीत असते. ती फळी त्या जुलैच्या रात्रीपासून ठेवायला लागलो.

काही झालंच तर 108 आणि 112 हे दोन नंबर. रेंज नसेल तर पळत खाली जाऊ नका, जवळच्या पाड्यात सांगा. रेंज कुठल्या टेकाडावर मिळते हे तिथल्या पोरांना तोंडपाठ असतं. दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी किंवा दवाखान्याने अडकवून ठेवायचं नाही, असं 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच लिहिलेलं आहे.

एक शेवटची अट बुकिंगच्या वेळीच सांगतो. सप्टेंबर 2021 मध्ये या घाटात दरड येऊन रस्ता बंद झाला होता. चांदसैलीच्याच एका आजारी बाईला तिचा नवरा खांद्यावर घेऊन दरडीतून चालत निघाला, आणि दवाखाना गाठायच्या आत ती वाटेत गेली. तुम्ही-आम्ही वर्षातून एकदा या रस्त्याला घाबरतो; वरच्या पाड्यांतली माणसं रोज याच रस्त्याच्या भरवशावर आहेत. आजही कुठल्याशा पाड्यावरून बांबूला बांधलेल्या झोळीत रुग्णाला घालून चार माणसं डांबरी रस्त्यापर्यंत येतात आणि गाडीची वाट बघत उभी राहतात. अशी झोळी दिसली तर आमची गाडी थांबते. रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला आम्ही जवळच्या दवाखान्यात सोडतो, त्याचं भाडं कोणाकडूनच घेत नाही. तुमच्यापैकी दोघांना तेवढा वेळ पाड्यात बसावं लागेल, किंवा त्या दिवशीचं एखादं ठिकाण बघायचं राहील. त्या ठिकाणाचे पैसे हिशेबातून वजा होतील. हे ज्यांना चालत नसेल त्यांनी दुसरी गाडी बघावी, आमचा राग नाही.