लघुग्रहांचा हिशेब : पालेर्मोपासून शिवपुरीपर्यंत

२०२५च्या फेब्रुवारीत एका लघुग्रहाचं नाव ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांपर्यंतही येऊन पोहोचलं : २०२४ वायआर४. तो २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग दोन आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के सांगितली गेली. धोक्याचा पट्टा पॅसिफिकपासून आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता, त्यामुळे आपल्याकडे बातमीला जास्तच धार चढली. आठवडाभरात आकडा जवळजवळ शून्यावर आला आणि अनेकांनी ठरवून टाकलं, की हे शास्त्रज्ञ आधी घाबरवतात आणि मग माघार घेतात.

माघार कुणी घेतली नव्हती. लघुग्रह नवा सापडतो तेव्हा त्याचे वेध मोजक्याच रात्रींचे असतात. तेवढ्यावरून कक्षा काढली तर काही वर्षांनी तो कुठे असेल, याचं उत्तर एका बिंदूत येत नाही. लांबलचक पट्टी येते आणि कधी कधी त्या पट्टीत पृथ्वीही असते. नवे वेध मिळतात तशी पट्टी आखूड होते. पृथ्वी अजून आतच असेल तर तिचा वाटा, म्हणजे टक्केवारी, वाढते. मग एके दिवशी पट्टीचं टोक पृथ्वीला मागे टाकतं आणि आकडा कोसळतो. अपोफिस या लघुग्रहाच्या बाबतीत डिसेंबर २००४मध्ये तो २.७ टक्क्यांपर्यंत चढला होता. तोच अपोफिस १३ एप्रिल २०२९ रोजी (आपल्या घड्याळात तेव्हा १४ तारखेची पहाट असेल) पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून निघून जाणार आहे.

थोड्या वेधांवरून कक्षा काढायची, ही अडचण पहिल्याच लघुग्रहाने उभी केली होती. १ जानेवारी १८०१च्या रात्री सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत ज्युझेप्पे पियाझ्झी ताऱ्यांच्या जागा टिपत होते. वृषभ राशीतला एक अंधूक ठिपका पुढच्या रात्री जागेवरून सरकलेला दिसला. पियाझ्झींनी ११ फेब्रुवारीपर्यंत त्याचा पाठलाग केला, मग ते आजारी पडले आणि तो ठिपका सूर्याच्या तेजात गेला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मोठ्या पोकळीत एखादा ग्रह असावा, असं टिटियस आणि बोडे यांच्या अंकनियमावरून (ग्रहांची सूर्यापासूनची अंतरं एका ठरावीक आकडेमालेत बसतात, असा तो नियम) युरोपात बोललं जात होतंच. १८००मध्ये फॉन झाख आणि त्यांच्या सोबत्यांनी आकाशाचे वाटे पाडून शोधाची मोहीमही आखली होती. ज्याची एवढी वाट पाहिली ते हाती आलं आणि हरवलं.

चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी हा प्रश्न घेतला. सूर्य ज्याच्या नाभीवर आहे असं लंबवर्तुळ, वर्तुळाचा हट्ट न धरता, तीन पूर्ण वेधांवरून कसं काढायचं, याची रीत त्यांनी बसवली. त्यांनी सांगितलेली जागा इतरांच्या अंदाजांपासून बरीच दूर होती. ३१ डिसेंबर १८०१ला फॉन झाख यांना सेरेस, म्हणजे पियाझ्झींचा तोच ठिपका, तिथेच जवळपास सापडली. माझ्या मते लघुग्रहांच्या इतिहासातली खरी पहिली तारीख ही आहे, १ जानेवारी नव्हे. एकदा दिसलेली वस्तू पुन्हा दिसेल याची खात्री देता आली, तेव्हाच ती आपली झाली.

पुढची कथा झपाट्याने घडली. १८०२मध्ये पॅलस, १८०४मध्ये जूनो, १८०७मध्ये वेस्टा. चौघींनाही पुस्तकांत ग्रहांची जागा मिळाली. विल्यम हर्शेल यांनी १८०२मध्येच या वस्तूंसाठी वेगळं नाव सुचवलं होतं, पण ते रुळायला वेळ लागला. १८४५नंतर नवनवे सापडू लागले तेव्हा ग्रहांची यादी हाताबाहेर गेली आणि ही सगळी मंडळी निमूटपणे वेगळ्या वहीत गेली. २००६मध्ये प्लूटोवरून ज्यांना हळहळ वाटली, त्यांनी सेरेसचं काय झालं होतं ते जरूर पाहावं.

हिंदुस्थानात हा हिशेब मद्रासला चालला. १८६१मध्ये मद्रास वेधशाळेत आलेले नॉर्मन पॉगसन यांनी त्याच वर्षी १७ एप्रिलला एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून लागलेला हा पहिलाच शोध, म्हणून त्याचं नावही आशिया. पण पॉगसन यांची १८७२ची हकीकत मला अधिक बोलकी वाटते. बिएलाचा धूमकेतू १८४६मध्ये दुर्बिणीतून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दुभंगला होता. १८५२मध्ये दोन्ही तुकडे परतले, नंतर ते कुणाला दिसले नाहीत. २७ नोव्हेंबर १८७२च्या रात्री त्याच्याच मार्गावरून उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला. गटिंगेनच्या क्लिंकरफ्युस यांनी पॉगसनना तार केली : बिएला पृथ्वीला लागून गेला आहे, नरतुरंगातल्या थीटा ताऱ्याजवळ शोधा. पॉगसननी शोधलं आणि तिथे खरोखरच एक धूमकेतू दिसला! लागोपाठ दोन पहाटे त्यांनी त्याच्या जागा टिपल्या, पण मग आभाळ भरून आलं. तिसरा वेध मिळाला नाही आणि दोन वेधांवर कक्षा निघत नाही. तो बिएला नव्हता, असंच पुढे मानलं गेलं. मग कोण होता, ते त्या तिसऱ्या पहाटेच्या ढगांनी नेलं.

बर्फाळ वस्तूंचा हिशेब आणखी अवघड का, याचं उत्तर १९५०मध्ये फ्रेड व्हिपल यांनी दिलं. धूमकेतूचं केंद्र म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा, असं त्यांनी मांडलं. सूर्याजवळ आल्यावर बर्फाची वाफ होऊन फवारे सुटतात आणि ते फवारे धूमकेतूला ढकलतात. त्यामुळे तो गणितापेक्षा थोडा लवकर किंवा उशिरा येतो. खडकाळ लघुग्रहालाही सुटका नाही. तापलेली बाजू फिरून उष्णता बाहेर टाकते तेव्हा त्याला अत्यंत सूक्ष्म धक्का बसत राहतो. पिढ्यान्‌पिढ्या साठला की तो धक्काही मोजावा लागतो.

आपल्या ग्वाल्हेर संस्थानाचा संबंध इथे येतो, पण वाटतो त्याहून मर्यादित. उज्जैन तेव्हा संस्थानातच होतं. सवाई जयसिंगांनी तिथे बांधलेल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३मध्ये माधवराव शिंद्यांनी करवला आणि आज आपण तिला जिवाजी वेधशाळा म्हणतो. तिची धुरा गोविंद सदाशिव आपटे या मराठी गणितज्ञाकडे होती. सम्राट यंत्र आणि भित्ती यंत्र या तिथल्या दगडी यंत्रांवर सूर्याचे आणि ग्रहांचे वेध उत्तम घेता येतात. लघुग्रहांसाठी मात्र ती कुचकामी आहेत. अगदी काळोख्या आकाशात अधूनमधून वेस्टा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते, बाकीचे सहसा नाहीतच. उज्जैनच्या दगडी यंत्रांवर ‘सगळं काही’ मोजलं जायचं, असं जे अभिमानाने सांगितलं जातं, त्याला एवढी मुरड घालायला हवी.

आणखी एक मराठी नाव घ्यायचं तर व्यंकटेश बापूजी केतकरांचं. पंचांगशोधनात त्यांचा अधिकार मोठा होता. १९११मध्ये फ्रान्सच्या ज्योतिर्विद संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह सुचवले आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली. ब्रह्माचं अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षं दिला. १९३०मध्ये सापडलेल्या प्लूटोचे आकडे ३९.५ पट आणि २४८ वर्षं. म्हणून केतकरांनी प्लूटोचं भाकीत केलं, असं आपण छाती काढून सांगतो. थोडं सबुरीने घ्यावं. बोडेच्या जुन्या अंकनियमातही ३८.८ हा आकडा बसलेला होता. केतकरांची रीत ग्रहांच्या गतींमधल्या प्रमाणांवर उभी होती, प्लूटोच्या ओढीवर नव्हे. शिवाय प्लूटो आपल्या चंद्रापेक्षाही हलका आहे. पलीकडे तसे असंख्य बर्फाळ गोळे आहेत, हे १९९२मध्ये ज्युइट आणि लू यांना पहिला गोळा सापडल्यावर दिसू लागलं.

मधल्या काळात हरवणं चालूच होतं. १९३७मध्ये पृथ्वीजवळून गेलेला हर्मिस २००३मध्ये पुन्हा सापडला. १९११चा अल्बर्ट तर थेट २०००मध्ये. आता स्वयंचलित दुर्बिणी रात्रभर आकाश चाळतात आणि नोंदलेल्या लघुग्रहांची संख्या चौदा लाखांपलीकडे गेली आहे. कक्षा नुसती ओळखायची नाही तर बदलायचीही, हा प्रयोगसुद्धा झाला : २६ सप्टेंबर २०२२ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळवलं गेलं आणि जोडीदार मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची सुमारे बारा तासांची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून जास्त आखूड झाली.

हिशेब चुकला तर काय, यासाठी आपण मंडळी लोणारकडे बोट दाखवतो. त्याहून कितीतरी मोठं विवर आपल्याच दारात आहे. शिवपुरीला शिंद्यांच्या छत्र्या पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याच जिल्ह्यात, पिछोरच्या बाजूला असलेलं ढाला गाव ठाऊक असतं. ग्वाल्हेरच्या जवळजवळ थेट दक्षिणेला, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर, तर ढालाचा झिजून उरलेला घेरसुद्धा ११ किलोमीटर व्यासाचा. तिथे लोणारसारखं तळं नाही, उभे कडे नाहीत, फोटोत भरण्यासारखं काही नाही. मधोमध एक सपाट माथ्याची टेकडी आणि भोवती तुटलेला, वितळून पुन्हा घट्ट झालेला खडक. पूर्वी ही रचना ज्वालामुखीची समजली जात होती.

मत बदललं ते खडकाच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर. अलाहाबाद विद्यापीठाचे जयंत कुमार पती आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्या क्वार्ट्‌झच्या कणांत एकमेकींना समांतर अशा बारीक रेषांचे संच दिसले. असे संच फक्त आघाताच्या प्रचंड दाबाखाली उमटतात, ज्वालामुखीत तो दाब येत नाही. युरेनियमच्या शोधात अणुखनिज संचालनालयाने तिथे आधीच खोल छिद्रं पाडली होती, त्यांतून निघालेल्या खडकाच्या कांड्या या कामी आल्या. सविस्तर पुरावा २००८मध्ये छापून आला. खालचा बुंदेलखंडी ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा आणि वर साचलेले विंध्य थर सुमारे १७० कोटी वर्षांचे, म्हणून आघात या दोहोंच्या मधला. राजस्थानातल्या बारां जिल्ह्यातल्या रामगढला आघात-विवर म्हणून २०२०मध्ये मान्यता मिळाली. लोणार, ढाला आणि रामगढ या तिघांत ढाला सगळ्यात मोठं आणि सगळ्यात जुनं आहे.