‘घराण्यात कुणाला नाही, मग तपासणी कशाला?’

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दलचा हा समज गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत ऐकू येतो. तो चुकीचा आहे. लिंच सिंड्रोमसारखा वारशाने आलेला जनुकदोष शंभरातल्या पाचेक रुग्णांतच असतो. बाकीच्यांत एपीसी, केआरएएस या जनुकांतले बिघाड पुढे आयुष्यात, आतड्याच्या पेशींतच होतात. रक्तावरची आनुवंशिक चाचणी ते दाखवत नाही. गाठीवरच्या पेशी मळात झडतात, म्हणून मळाच्या डीएनए चाचणीत ते सापडू शकतात. ती पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी हवीच. तीच चाचणी परत करून ‘निगेटिव्ह’ मिळवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. मळातलं लपलेलं रक्त शोधणारी फिट चाचणी स्वस्त. ती माणसाचंच रक्त ओळखते, म्हणून आदल्या रात्रीचं डुकराच्या मांस-रक्ताचं सोरपोतेल तिला चकवत नाही, मूळव्याध चकवू शकते. रक्त डोळ्यांना दिसत असेल तर या चाचण्यांत वेळ घालवू नका, थेट डॉक्टर गाठा.