विमानातला एसी 'पैसे वाचवायला' बंद करतात?

मे महिन्यात नागपूरला दुपारी विमानात बसलं की हा संवाद हमखास कानावर पडतो: "इंधन वाचवतात हो, मुद्दाम एसी बंद ठेवतात!" आणि सुरक्षा-सूचनांच्या कार्डाने वारा घेणं सुरू होतं.

खरी गोष्ट जरा वेगळी आहे. बहुतेक प्रवासी विमानांच्या एसीला दाबाखालची हवा लागते. ती इंजिनातून मिळते, किंवा इंजिनं बंद असताना शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनातून. हे छोटं इंजिन बेताचंच. बाहेर ४४ अंश, दार उघडं, उन्हात तापलेलं धातूचं धूड आणि आत दीडशे-पावणेदोनशे माणसांच्या अंगाची ऊब, एवढ्यापुढे त्याचा दम निघतो.

मोठी इंजिनं सुरू करायलाही हीच हवा लागते. त्यामुळे तेवढी मिनिटं एसीची हवा तोडावीच लागते. डोक्यावरच्या झोतातला सूं आवाज अचानक थांबतो ना, तो तेव्हाच. कधीकधी पूर्ण ताकद मिळावी म्हणून उड्डाणाच्या वेळीही एसी बंद ठेवतात.

इंधनाचा मुद्दा अगदीच खोटा नाही. सहायक इंजिन इंधन पितं, म्हणून कंपन्या ते कमी चालवू पाहतात आणि विमानतळावरच्या थंड हवेच्या जाड नळीवर भागवतात. ती नळी कमी पडली की घामाच्या धारा. मुंबईच्या दमट हवेत छतातून निघणारा पांढरा धूर मात्र धूर नसतोच, ते नुसतं धुकं.