फाइव्ह ब्रोकन कॅमेराज

वेस्ट बँक या इस्राएलव्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातील बिलईन या खेड्याचे जीवन व प्रतिकार चित्रित करणारा, २०११ मध्ये पूर्ण झालेला अनुबोधपट. दिग्दर्शक इमाद बुर्नात व गाय दाविदी. बिलईन रामल्लाच्या पश्चिमेस सुमारे १२ किमी. अंतरावर असून तेथील लोक मुख्यतः ऑलिव्हच्या बागांवर अवलंबून होते.

बुर्नात हे याच गावचे शेतकरी. २००५ मध्ये चौथा मुलगा जिब्रील याच्या जन्माच्या सुमारास त्यांनी पहिला कॅमेरा घेतला. मोदीइन इल्लित या इस्राएली वसाहतीलगत गावाच्या जमिनीतून अडथळारेषा उभारली जात असल्याने त्याच वर्षी गावकऱ्यांची दर शुक्रवारची निदर्शने सुरू झाली. या रेषेस इस्राएल ‘सुरक्षा कुंपण’ म्हणते, तर पॅलेस्टिनी ‘भिंत’ म्हणतात. बिलईन येथे ती प्रारंभी प्रत्यक्षात तारेच्या कुंपणाची होती. पुढील काही वर्षांत बुर्नात यांचे पाच कॅमेरे एकामागून एक निकामी झाले, आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या आयुष्यावरून चित्रपटाचे भाग पाडले आहेत. जळालेली ऑलिव्हची झाडे, रात्री घरोघर शिरणारे सैनिक, चित्रण थांबवा म्हणून विनवणारी पत्नी सोराया आणि या साऱ्यात वाढणारे मूल, असा हा पट आहे. ‘फील’ (हत्ती) या टोपणनावाने मुलांचा लाडका असलेला बासिम अबू रहमा १७ एप्रिल २००९ रोजी अश्रुधुराचे नळकांडे छातीवर आदळून मरण पावला. चित्रपटातील सर्वांत हृदयद्रावक भाग हाच.

चित्रपट कोणाचा मानावा, याबद्दल मतभेद आहेत. दाविदी हे इस्राएली असून ते २००९ च्या सुमारास या कामात आले. निवेदनाची संहिता त्यांची, आवाज मात्र बुर्नात यांचा. निर्मितीस इस्राएली व फ्रेंच साहाय्य लाभले. त्यामुळे २०१३ च्या ऑस्कर नामांकनानंतर इस्राएली माध्यमांनी चित्रपटास इस्राएली म्हटले, तर बुर्नात यांनी तो पॅलेस्टिनी असल्याचे ठामपणे सांगितले. चित्रणाचा बहुतांश भाग, त्यातील घर आणि त्यासाठी पत्करलेला धोका बुर्नात यांचा असल्याने हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते; तथापि त्यामुळे दाविदी यांच्या संकलनाचे व रचनेचे मोल कमी होत नाही.

अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात (२०१२) दिग्दर्शनाचा पुरस्कार व २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. बिलईन येथील अडथळारेषेचा मार्ग बदलण्याचा आदेश इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००७ मध्ये दिला होता. प्रत्यक्षात जुने कुंपण २०११ मध्ये हटले, आणि गावाच्या जमिनीचा काही भागच परत मिळाला.