गाठ काढली, आता परत येईल का?

निफाड, सिन्नर, मालेगावहून नाशिकला मूत्रविकारतज्ज्ञाकडे आलेला रुग्ण बहुधा एकच सांगतो: लघवीतून रक्त गेलं, पण दुखलं काहीच नाही. दुर्बिणीतून मूत्राशयातली कर्करोगाची गाठ खरवडून काढली की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला, “परत येईल का?”

खरं तर विचारायचं असतं, खोल जाईल का? निदान होताना साधारण चारांतल्या तिघांची गाठ मूत्राशयाच्या अस्तरापुरतीच असते. अशा गाठी वरचेवर परत येतात, पण जिवावर बेततं ते त्या मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूत उतरल्यावर. जैविक खुणांचा, म्हणजे गाठीत, लघवीत किंवा रक्तात सापडणाऱ्या जनुकबदलांसारख्या चिन्हांचा, शोध चालला आहे तो हे आधी ओळखण्यासाठी.

एफजीएफआर-३ या जनुकातला बदल पेशींना सतत वाढायला लावतो. ऐकायला भयंकर, पण तो बदल असलेल्या गाठी बहुतेकदा मवाळ निघतात. परत येतील, अस्तर सहसा सोडणार नाहीत. टीपी-५३ उलटं. बिघडलेल्या पेशीला आवरणारं हे जनुकच बिघडलेलं असतं, आणि स्नायूत शिरलेल्या गाठींपैकी सुमारे निम्म्यांत ते तसं सापडतं. टर्ट जनुकाच्या नियंत्रक भागातला बदल मात्र मवाळ आणि जहाल, दोन्ही गाठींत दिसतो. म्हणून लघवीत कर्करोग हुडकायला तो कामाचा, भविष्य सांगायला फारसा नाही. मूत्राशय काढल्यानंतर रक्तात गाठीचा डीएनए सापडला, तर आजार उलटण्याची शक्यता स्कॅनवर काही दिसण्याआधीच कळू शकते.

खुणेवरून औषधही ठरतं. एफजीएफआर बदल असलेल्या, पुढच्या टप्प्यातल्या आजारासाठी एर्डाफिटिनिबला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

तरीही अस्तरातल्या गाठीचा उपचार केवळ या खुणांवर ठरवत नाहीत. केआय-६७ या, पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणाऱ्या खुणेची ‘जास्त’ची रेषा प्रत्येक प्रयोगशाळेत एकच असेल असंही नाही. माझ्या मते महागड्या जनुकचाचणीआधी बायोप्सीचा साधा रिपोर्ट नीट वाचावा: गाठ किती खोल, पेशी किती जहाल, आणि तपासलेल्या तुकड्यात स्नायू आला होता का? तो नसेल तर गाठ खोल गेली नाही असं छातीठोक म्हणता येत नाही. अनेकदा पुन्हा खरवडावं लागतं.

विडी-सिगारेट ओढणाऱ्याने तीही सोडावी. धुरातली विषारी रसायनं लघवीत उतरतात आणि तासन्‌तास अस्तराला लागून राहतात.

गाठ काढल्यावर पहिली तपासणीची दुर्बीण साधारण तीन महिन्यांनी होते. त्या वेळी मूत्राशय स्वच्छ दिसणं ही पुढच्या वाटचालीची फार भरवशाची खूण मानतात. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली असली तरी ती तारीख चुकवू नये.