‘लायबल’ची पार्श्वभूमी : चोपडीपासून फौजदारी कलमापर्यंत

इंग्रजी कायद्यात तोंडी बदनामीला ‘स्लँडर’ आणि लेखी बदनामीला ‘लायबल’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘लिबर’ म्हणजे पुस्तक आणि ‘लिबेलस’ म्हणजे लहानशी चोपडी. रोममध्ये साध्या अर्जालाही लिबेलसच म्हणत. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांत वादीच्या लेखी फिर्यादीला हाच शब्द होता. त्याला डाग लागला तो ‘फामोसस’ या विशेषणामुळे. कुणाची अब्रू घेणारी, बहुतेकदा निनावी पत्रके म्हणजे ‘लिबेलस फामोसस’. सन 438 च्या थिओडोशियन संहितेत अशा पत्रकांवर स्वतंत्र प्रकरणच आहे. पुढे विशेषण गळून पडले, पण त्याचा अर्थ नामाला कायमचा चिकटला.

इंग्लंडमध्ये या गुन्ह्याला धार आली स्टार चेंबर या न्यायालयात. दिवंगत आर्चबिशप व्हिटगिफ्टवर टीका करणाऱ्या काव्यावरून तिथे खटला चालला. कायदेपंडित एडवर्ड कोकने ‘दे लिबेलिस फामोसिस’ या नावाने तो आपल्या निकालसंग्रहात नोंदवला. मजकूर खरा असला तरी गुन्हा होतोच, हे त्यातले सूत्र. अशा लिखाणाने माणसे सूडाला पेटतात, शांतता बिघडते, मग ते खरे की खोटे हे कशाला पाहायचे, असा त्यामागचा विचार होता. सत्तेला अडचणीची वाटणारी खरी गोष्ट दडपायला याहून सोयीचे सूत्र सापडणे कठीण. स्टार चेंबर 1641 मध्ये बंद झाले, सूत्र मात्र टिकले. दिवाणी दाव्यात सत्य हा बचाव चाले, पण फौजदारी खटल्यात त्याला स्थान मिळाले ते 1843 च्या कायद्याने. तेही अटीवर : मजकूर खरा हवा आणि तो छापणे लोकहिताचे हवे.

मुंबईत हा शब्द घराघरांत पोचला तो ‘महाराज लायबल केस’मुळे. करसनदास मुळजी यांनी 21 ऑक्टोबर 1860 च्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात वल्लभ या वैष्णव संप्रदायातील महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर आणि मुद्रक नानाभाई राणिना यांच्यावर 50,000 रुपयांचा दावा लावला. भक्तांच्या रोषाची पर्वा न करता साक्षीदार उभे राहिले. त्यांत डॉ. भाऊ दाजी होते, आणि एका डॉक्टरने अशी साक्ष देणे त्या काळात फार मोठे धाडस होते. एप्रिल 1862 मध्ये निकाल लागला. लेखातले आरोप खरे ठरले आणि करसनदासांना खर्च मिळाला. नीतीने जे वाईट ते धर्माने चांगले ठरू शकत नाही, याच तत्त्वासाठी प्रतिवादी झगडत होते, असे न्या. अर्नोल्ड यांनी निकालात नोंदवले.

त्याच वर्षी 1 जानेवारीपासून भारतीय दंड संहिता लागू झाली होती. तिच्या कलम 499 ने बोललेले आणि लिहिलेले असा भेद न ठेवता दोन्ही अब्रुनुकसानीत घातले. पहिला अपवाद मात्र इंग्लंडच्या 1843 च्या वळणाचा : सत्य, पण लोकहितासाठी.

याचा फटका मराठी पत्रकारितेला 1882 मध्ये बसला. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे तरुण छत्रपतींचा छळ करतात, असा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’त आला. ज्या पत्रांवर तो उभा होता ती बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी बर्वे मागे हटले नाहीत. टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची कैद झाली. त्यातले 101 दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्यांच्या जामिनासाठी जोतीराव फुले यांनी खटपट केली, हे विसरता कामा नये. छत्रपतींविषयीची टिळक-आगरकरांची कळकळ खरी होती. पण करसनदासांच्या हाती पुरावा होता आणि यांच्या हातचा खोटा निघाला, हाच दोन खटल्यांतला निर्णायक फरक.

संविधानात भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादा सांगणाऱ्या अनुच्छेद 19(2) च्या मूळ मजकुरात लायबल, स्लँडर आणि बदनामी हे तिन्ही शब्द होते. 1951 च्या पहिल्या दुरुस्तीने पहिले दोन वगळले. ब्रिटनने 2009 मध्ये फौजदारी लायबल रद्द केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात फौजदारी बदनामी वैध ठरवली. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. दोन वर्षांपर्यंतची साधी कैद आणि दंड कायम आहेत, समाजसेवेची शिक्षा नव्याने आली आहे, आणि नुसते सत्य आजही पुरत नाही.