चोरदरवाजा फक्त पोलिसांसाठी बांधता येत नाही

सीमाभागात वातावरण तापले की पहिला संशय मोबाइलवर येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसवाहकाला मारहाण झाली आणि कर्नाटक व महाराष्ट्र यांच्यातली बससेवा काही काळ विस्कळीत झाली. अशा दिवसांत निपाणी, चिकोडी, खानापूरच्या ग्रुपांवर खऱ्या बातम्या आणि अफवा एकाच वेगाने फिरतात. अफवा कोणी उठवली हे पोलिसांना कळले पाहिजे, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र त्यासाठी संदेशांचे एन्क्रिप्शन, म्हणजे ते सांकेतिक करण्याची सोय, कमकुवत करावे किंवा त्यात सरकारसाठी एक चोरदरवाजा ठेवावा, असे जेव्हा सुचवले जाते, तेव्हा त्या सूचनेला गणित काय उत्तर देते हे समजून घ्यायला हवे.

व्हॉट्सॲप किंवा सिग्नल या ॲपवरचा संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच सांकेतिक होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उलगडतो. मधल्या कंपनीच्या हाती लागतो तो केवळ अर्थहीन आकड्यांचा ढीग. यासाठी दोन्ही फोनांकडे एकच गुप्त किल्ली असावी लागते. पण कधीही न भेटलेल्या दोघांनी, सगळ्यांना दिसणाऱ्या वाटेवरून बोलत, ती किल्ली ठरवायची कशी? व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये जाहीर केलेली रीत शाळेच्या गणिताने पडताळून पाहता येते.

समजा, खानापूरची बहीण आणि निपाणीचा भाऊ यांनी १७ आणि ३ हे दोन आकडे उघडपणे ठरवले. बहिणीने मनात ६ धरला, भावाने ७. बहीण ३ चा सहावा घात काढते. तो येतो ७२९, आणि त्याला १७ ने भागून उरलेली बाकी १५ ती भावाला कळवते. भाऊ ३ चा सातवा घात म्हणजे २१८७ घेतो आणि त्याची बाकी ११ बहिणीला कळवतो. आता बहीण आलेल्या ११ चा सहावा घात, म्हणजे १७,७१,५६१, हा १७ ने भागते आणि बाकी ८ उरते. भाऊ आलेल्या १५ चा सातवा घात, म्हणजे १७,०८,५९,३७५, हा १७ ने भागतो आणि त्याचीही बाकी ८ च उरते. दोघांना किल्ली मिळाली, पण ८ हा आकडा वाटेवरून एकदाही गेला नाही. मध्ये कान लावून बसलेल्याला १७, ३, १५ आणि ११ एवढेच ऐकू येते. आकडे इतके लहान असल्यामुळे इथे तो थोड्या खटपटीने गुपित शोधून काढील. प्रत्यक्ष वापरात मात्र शेकडो अंकी संख्या किंवा विशिष्ट वक्रांवरचे तशाच धर्तीचे गणित असते, आणि आजच्या संगणकांवर ते उलटे सोडवण्याची व्यवहार्य वाट कोणाला सापडलेली नाही. उद्याच्या क्वांटम संगणकांना ती सापडू शकते. म्हणूनच त्यांच्यापुढे टिकतील अशा नव्या रीतींची मानके अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केली.

हे गणित वही-पेन्सिलीने करता येते, एवढ्या एका गोष्टीत प्रबळ एन्क्रिप्शनवर बंदी घालण्याची मुख्य अडचण आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा संदेश सांकेतिक करणारा प्रोग्रॅम मोफत उपलब्ध करून दिला, तेव्हा अमेरिका प्रबळ एन्क्रिप्शनची गणना युद्धसामग्रीत करीत असे आणि परवान्याशिवाय ते देशाबाहेर जाऊ देत नसे. झिमरमन यांची चौकशी काही वर्षे चालली आणि १९९६ मध्ये कोणताही आरोप न ठेवता बंद झाली. दरम्यान प्रोग्रॅम जगभर पोचला होता आणि त्याची संपूर्ण संहिता (सोर्स कोड) पुस्तकरूपाने छापलीही गेली होती. आज बंदी आली तरी ज्याला लपूनछपून कट करायचा आहे, तो असाच एखादा मोफत प्रोग्रॅम घेईल. बंदी पाळतील ते बँक, दवाखाना, दुकानदार आणि तुम्ही-आम्ही.

भारतात याचा अनुभव येऊन गेला आहे. इंटरनेट सेवेच्या परवान्यांत ४० बिटांहून (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) लांब किल्ली परवानगीविना वापरू नये अशी अट होती, आणि त्याच देशात रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांची शिफारस केली. हा फरक किती मोठा आहे ते पाहण्यासारखे आहे. ४० बिटांच्या शक्य किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी भरतात, तर १२८ बिटांच्या किल्ल्यांची संख्या ३९ अंकी आहे. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने बांधलेल्या यंत्राने ५६ बिटांची किल्ली ५६ तासांत शोधली; ४० बिटांची किल्ली शोधणे हे त्याहून सुमारे ६५ हजार पटींनी सोपे काम आहे. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला. नागरिकांनी आपल्या सांकेतिक संदेशांची साधी, वाचता येणारी प्रत ९० दिवस जपून ठेवावी, असे त्यात म्हटले होते. प्रत्येकाच्या फोनमध्ये चोरासाठी ताट वाढून ठेवण्याचाच हा प्रकार होता, आणि टीका होताच सरकारने मसुदा मागे घेतला हे उत्तम झाले.

एन्क्रिप्शन राहू द्या, पण न्याय्य कारणासाठी उघडणारा एक दरवाजा ठेवा, ही मागणी वरकरणी समंजस वाटते. परंतु समोरून येणारा पोलीस आहे की चोर, हे गणिताला ओळखता येत नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ च्या सुमारास व्होडाफोनच्या यंत्रणेतली, कायदेशीर फोन-टॅपिंगसाठीच असलेली सोय अज्ञात लोकांनी गुपचूप चालू केली आणि पंतप्रधानांसह शंभराहून अधिक जणांचे फोन कित्येक महिने ऐकले. अमेरिकेने १९९० च्या दशकात निर्यातीसाठी मुद्दाम कमजोर केलेल्या किल्ल्या पुढे वीसेक वर्षे सॉफ्टवेअरमध्ये पडून राहिल्या आणि २०१५ मध्ये त्यांच्याच आधारे सुरक्षित समजली जाणारी संकेतस्थळे फोडता येतात असे संशोधकांनी दाखवले. २०२४ मध्ये चीनशी संबंध असलेल्या हॅकरांनी अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत घुसून, न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या टॅपिंगच्या यंत्रणांपर्यंत मजल मारली. त्यानंतर तिथल्या सरकारी यंत्रणांनीच नागरिकांना एन्क्रिप्शन असलेली ॲप वापरण्याचा सल्ला दिला. एन्क्रिप्शनला अनेक वर्षे अडथळा म्हणत आलेल्या एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेवर ही वेळ यावी, यातच सगळे आले.

अशा दरवाजाचा धोका आपल्याकडे कोणाला आहे? बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीला पुण्याहून येणारे ड्रॉइंग, निपाणीच्या व्यापाऱ्याचे कोल्हापूरशी होणारे यूपीआय व्यवहार, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे तिथल्या घराघरांतून सीमेवरच्या जवानाला रात्री केला जाणारा व्हिडिओ कॉल, हे सारे याच गणिताच्या भरवशावर चालते. जवानाच्या कॉलचे महत्त्व तर शत्रूला आपल्याहून अधिक कळते.

आता अफवेच्या मूळ प्रश्नाकडे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या संदेशसेवेला, सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या गंभीर प्रकरणांत आदेश आल्यास, संदेश प्रथम कोणी पाठवला हे सांगता आले पाहिजे. व्हॉट्सॲपने याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि एन्क्रिप्शन मोडावे लागले तर सेवाच बंद करू, असे २०२४ मध्ये न्यायालयात सांगितले. मजकूर न वाचता मूळ शोधण्याचा एक सुचवला गेलेला मार्ग म्हणजे प्रत्येक संदेशाचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, साठवून ठेवणे. पण ‘उद्यापासून एसटी बंद’ या संदेशाच्या शेवटी कोणी एक पूर्णविराम दिला, ‘एसटी’चे ‘एस.टी.’ केले किंवा तोच मजकूर कन्नडमध्ये लिहिला, तर ठसा पार बदलतो आणि नवा ‘पहिला’ पाठवणारा जन्माला येतो. उलट, दुसऱ्या ॲपवर वाचलेली अफवा ‘हे खरे आहे का?’ असे विचारण्यासाठी ज्याने प्रथम इथे चिकटवली, तो बिचारा उगमस्थान ठरतो. मूळ पाठवणारा परदेशात असेल तर भारतातल्या पहिल्या व्यक्तीलाच मूळ मानावे, असे नियमच सांगतो. दोन भाषा आणि दोन राज्ये यांच्या सांध्यावर राहणाऱ्यांना हे फार जाचक ठरेल, असे मला वाटते, कारण इथे पलीकडून आलेला मजकूर भाषांतर करून पुढे पाठवणे हा रोजचाच व्यवहार आहे. आणि हे ठसे साठवायचे तर कोट्यवधी निरपराध लोकांच्या प्रत्येक संदेशाचे साठवावे लागतात, कारण कोणता संदेश उद्या गुन्हा ठरणार हे आज माहीत नसते.

पोलिसांची अडचण खोटी नाही. विशेषतः मुलांच्या लैंगिक शोषणाच्या तपासात काही पुरावा बंद फोनमागे अडकतो आणि त्याची वेदना कोणालाही कमी लेखता येणार नाही. तरीही बहुतेक वाटा उघड्याच असतात. ग्रुपमधला एक सदस्य संदेश दाखवू शकतो आणि जप्त केलेला फोन तपासता येतो. कोण कोणाशी कधी बोलले याची नोंद मागवता येते. अमेरिकेत २०१६ मध्ये एका हल्लेखोराच्या आयफोनसाठी एफबीआयने ॲपलविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती, पण बाहेरच्या तज्ज्ञांच्या मदतीने तो एक फोन उघडला आणि खटला मागे घेतला गेला. बाकी कोट्यवधी आयफोन त्यामुळे कमकुवत झाले नाहीत. ‘डिजिटल अटके’च्या फसवणुकीतही तपास पुढे सरकतो तो मुख्यतः पैसे ज्या खात्यांतून फिरले ती खाती आणि वापरलेली सिमकार्डे यांच्या मागावरून, आणि तिथे १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार किती लवकर पोचते यावर बरेच अवलंबून असते. कर्नाटकातल्या सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थांचे गुन्हे पाहणाऱ्या) पोलीस ठाण्यांना प्रशिक्षित माणसे आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांना फोन तपासण्याची साधने द्यावीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खालचे संदेश उलगडण्याचे आदेश आज गृहसचिव पातळीवर निघतात. त्यांना न्यायाधीशाची पूर्वपरवानगी आवश्यक करावी. ही मागणी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आमदार-खासदारांकडे एकाच आवाजात करता येईल.